संरचनांचे आरोग्य आणि संवेदकांची साक्ष : विद्यापीठीय संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पूल, धरणे, उंच इमारती, बोगदे यांसारख्या बांधकामांना स्थापत्य अभियांत्रिकीत ‘संरचना’ ही एकत्रित संज्ञा वापरली जाते. संरचना उभी राहिल्यानंतर तिच्यावर वाहतुकीचा भार, वारा, पाणी, तापमान आणि काळ यांचा परिणाम सातत्याने होत असतो. हा परिणाम केवळ डोळ्यांनी न पाहता संरचनेवर बसविलेल्या संवेदकांच्या साहाय्याने मोजणे आणि त्यावरून तिच्या प्रकृतीविषयी अनुमान काढणे, या कार्यास ‘संरचना-आरोग्य निरीक्षण’ असे म्हटले जाते. वैद्यकशास्त्राकडून घेतलेली ही उपमा अभियांत्रिकीत आता इतकी रुळली आहे की, तिच्यात दडलेल्या गृहीतकांकडे सहसा लक्ष जात नाही. रुग्णाचा ज्वर तापमापकाने मोजता येतो. परंतु तापमापक रोग मोजत नाही, तो केवळ एक लक्षण मोजतो. निदान हे वैद्याचे काम असते आणि त्यासाठी त्याला निरोगी शरीराचे ज्ञान असावे लागते.

या क्षेत्राचा इतिहास सामान्यतः उपकरणांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. बारीक तारेपासून प्रकाशतंतूपर्यंत आणि प्रकाशतंतूपासून बिनतारी संवेदकांपर्यंत झालेली वाटचाल निश्चितच उल्लेखनीय आहे. तथापि, या इतिहासात एक घटना अशी आहे की, जी या सरळ चढत्या आलेखात बसत नाही. दिनांक 1 ऑगस्ट 2007 रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात मिसिसिपी नदीवरील महामार्गाचा पूल कोसळला व 13 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. हा पूल दुर्लक्षित नव्हता. त्याच शहरातील विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर संवेदक बसवून त्याची तपासणी केली होती आणि त्या तपासणीचा अहवाल 2001 मध्ये सादर झाला होता. संवेदकांनी चुकीचे आकडे दिले नव्हते. असे असतानाही पूल पडला. मोजलेले बरोबर असूनही निष्कर्ष अपुरा कसा ठरतो, या प्रश्नाचा शोध विद्यापीठीय संशोधनाच्या सुमारे सत्तर वर्षांच्या इतिहासातून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विकृतिमापकाचा जन्म

एखाद्या वस्तूवर भार आला की ती किंचित ताणली किंवा दाबली जाते. मूळ लांबीच्या तुलनेत लांबीत होणाऱ्या या बदलाला ‘विकृती’ म्हणतात आणि वस्तूच्या अंतर्भागात निर्माण होणाऱ्या विरोधी बलाच्या तीव्रतेला ‘प्रतिबल’ म्हणतात. प्रतिबल प्रत्यक्ष दिसत नाही. ते विकृतीवरून काढावे लागते. पोलादासारख्या पदार्थात नेहमीच्या वापरातील विकृती इतकी सूक्ष्म असते की, ती मोजण्यासाठी पूर्वी अवजड यांत्रिक साधने लागत.

या अडचणीवरील उपायाचे बीज 1856 मध्ये पेरले गेले होते. पुढे लॉर्ड केल्विन या नावाने प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी त्या वर्षी असे दाखवून दिले की, धातूची तार ताणली असता तिचा विद्युत रोध बदलतो. या तत्त्वाचा संरचनांच्या मापनासाठी व्यवहार्य उपयोग होण्यास मात्र आठ दशके लागली. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एडवर्ड सिमन्स आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आर्थर रूज यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे, 1938 पर्यंत, बारीक तार वस्तूच्या पृष्ठभागावर चिकटवून विकृती मोजण्याची पद्धत सिद्ध केली. सिमन्स यांचा संबंध धातूंवरील आघातांच्या प्रयोगांशी होता. रूज हे भूकंपाच्या हादऱ्यांचा पाण्याच्या उंच टाकीवर होणारा परिणाम एका लहान प्रतिकृतीवर अभ्यासत होते. प्रतिकृतीच्या भिंती इतक्या पातळ होत्या की, उपलब्ध मापकांच्या वजनाने त्यांचे वर्तनच बदलले असते. अशा वेळी पातळ कागदावर चिकटविलेली बारीक तार हाच मार्ग उरला.

या शोधाचे महत्त्व आरंभी सर्वांच्याच ध्यानात आले नाही. हा शोध रंजक असला तरी त्याचा व्यापारी उपयोग फारसा मोठा होण्याची शक्यता दिसत नाही, अशा आशयाचे मत रूज यांच्या संस्थेच्या पेटंट समितीने 1939 मध्ये व्यक्त केले होते. लवकरच सुरू झालेल्या दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या चाचण्यांसाठी हेच मापक मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. ‘एसआर-4’ या व्यापारी नावातील पहिली दोन अक्षरे सिमन्स आणि रूज यांच्या नावांची आद्याक्षरे आहेत. स्ट्रेन गेज या नावाने आजही प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आढळणारा हा विकृतिमापक होय.

या मापकाचा एक गुणधर्म पुढील विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तार ज्या क्षणी चिकटविली जाते, तो क्षण त्या मापकाचा शून्य असतो. त्यानंतर होणारा बदल तो अचूकपणे सांगतो. त्यापूर्वी त्या भागावर किती प्रतिबल साठलेले होते, याविषयी तो काहीही सांगू शकत नाही. प्रयोगशाळेत नमुना प्रथम भाररहित असतो, म्हणून ही मर्यादा जाणवत नाही. उभ्या असलेल्या पुलावर मात्र स्वतःच्या वजनाचा भार आधीपासूनच असतो.

1967 : तीन घटनांचे वर्ष

संरचनांवर संवेदक कायमस्वरूपी असावेत, या विचाराला प्रथम बळ मिळाले ते भूकंपांच्या अभ्यासातून. या संदर्भात 1967 या वर्षाचा विचार करणे उद्बोधक ठरते. त्या वर्षाच्या अखेरच्या दोन महिन्यांत एकमेकींशी कोणताही संबंध नसलेल्या तीन घटना घडल्या आणि त्या तिन्हींचे धागे पुढे या विषयात येऊन मिळाले.

पहिली घटना महाराष्ट्रातील आहे. दिनांक 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगर परिसरात तीव्र भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि परिसरातील घरांची अपरिमित हानी झाली. 103 मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या एका खंडात, आतील मार्गिकेमध्ये, भूकंपाच्या वेळचे त्वरण नोंदविणारा त्वरणलेखक बसविलेला होता. त्याने हादऱ्यांचा आलेख नोंदविला. धरणाच्या अक्षाच्या दिशेने नोंदले गेलेले कमाल त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या 0.63 पट होते. धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी धरलेला गुणांक 0.05 इतकाच होता. धरण उभे राहिले. परंतु त्याच्या काही खंडांच्या दर्शनी व पाठीमागील पृष्ठभागांवर आडव्या भेगा पडल्या. पायथ्याकडील बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो, त्या उंचीच्या आसपास या भेगा होत्या.

कोयनेच्या नोंदीचे मोल असे की, हानी झालेल्या मोठ्या काँक्रीट धरणाजवळची अशी नोंद अभ्यासकांना क्वचितच उपलब्ध होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी ही नोंद आधाराला घेऊन धरणाच्या वर्तनाचे गणित मांडले व 1973 मध्ये ते प्रसिद्ध केले. धरणाची लवचिकता लक्षात घेतली असता, ज्या उंचीवर भेगा आढळल्या तेथेच ताण-प्रतिबले सर्वाधिक येतात, असे त्यांच्या गणितातून दिसून आले. सर्व उंचीवर एकच गुणांक धरण्याच्या प्रचलित पद्धतीतून ही गोष्ट उघड होत नव्हती. भारतातही रूडकी विद्यापीठात 1960 मध्ये जय कृष्ण यांच्या नेतृत्वाखाली भूकंप अभियांत्रिकीचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालेले होते आणि कोयनेच्या भूकंपामुळे या विषयाच्या अध्ययनाला देशात चालना मिळाली. धरणाला पुढे काँक्रीटचे टेकू देऊन बळकटी देण्यात आली. संवेदकाने भूकंप टाळला नाही. भेगाही टाळल्या नाहीत. परंतु त्याची नोंद गणिताशी ताडून पाहिली गेली आणि आराखड्याच्या पद्धतीतील दोष उघडकीस आला. संवेदकाच्या साक्षीचा हा आदर्श उपयोग मानावा लागेल.

दुसरी घटना कोयनेनंतर चारच दिवसांनी, 15 डिसेंबर 1967 रोजी, अमेरिकेतील ओहायो नदीवर घडली. 1928 मध्ये वाहतुकीला खुला झालेला ‘सिल्व्हर ब्रिज’ गर्दीच्या वेळी कोसळला आणि 46 जणांचा मृत्यू झाला. पुलाला तोलून धरणाऱ्या पोलादी साखळीतील एका पट्टीच्या छिद्राजवळ अगदी लहान तडा निर्माण झाला होता. सांधा सुटा केल्याशिवाय तो दिसणे शक्य नव्हते. या दुर्घटनेनंतर 1971 मध्ये अमेरिकेत पुलांच्या नियतकालिक तपासणीचे राष्ट्रीय मानक अस्तित्वात आले. दृश्य तपासणीची मर्यादाही याच घटनेने अधोरेखित केली आणि न दिसणारे दोष शोधण्याची साधने विकसित करण्याकडे संशोधक वळले.

तिसरी घटना त्या वेळी दुर्घटना नव्हती. नोव्हेंबर 1967 मध्ये मिनियापोलिस येथील महामार्गाचा नवा पूल वाहतुकीस खुला झाला. त्याच्या आराखड्यात राहिलेली चूक पुढील चाळीस वर्षे कोणाच्याही लक्षात येणार नव्हती.

कंपनांचा अभ्यास आणि तापमानाचा अडसर

दोष न दिसणारा असेल, तर संपूर्ण संरचनेच्या वर्तनावरून तो ओळखता येईल काय, हा 1970 नंतरच्या संशोधनाचा मुख्य प्रश्न होता. कुंभार मडके बोटाने वाजवून पाहतो आणि आवाजावरून ते पक्के आहे की तडकलेले, हे ओळखतो. प्रत्येक संरचनेलाही स्वतःच्या काही नैसर्गिक वारंवारता असतात. तिचा एखादा भाग कमकुवत झाला, तर ताठपणा कमी होतो आणि वारंवारता खाली येते. समुद्रातील तेलविहिरींच्या मनोऱ्यांचे पाण्याखालील भाग तपासणे कठीण असल्यामुळे या कल्पनेकडे प्रथम त्या उद्योगाचे लक्ष गेले. ब्रिस्टल विद्यापीठातील कॉली आणि ॲडम्स यांनी 1979 मध्ये, नैसर्गिक वारंवारतांमधील बदलांवरून दोषाचे स्थान शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेतील नमुन्यांवर ही पद्धत आशादायक ठरली.

प्रत्यक्ष पुलावरील कसोटी 1993 मध्ये झाली. न्यू मेक्सिको राज्यातील ॲल्बुकर्क येथे रिओ ग्रांदे नदीवरील महामार्गाचा जुना पूल पाडण्यात येणार होता. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठ आणि लॉस ॲलामोस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळा यांच्या संशोधकांनी त्याच्या मुख्य तुळईला टप्प्याटप्प्याने, एकूण चार वेळा, मुद्दाम छेद दिला आणि प्रत्येक टप्प्यानंतर कंपने मोजली. सुस्थितीतील पुलाची पहिली वारंवारता सेकंदाला 2.48 आवर्तने होती. पहिल्या दोन छेदांनंतर ती कमी होण्याऐवजी किंचित वाढल्याचे आढळले. तुळईचा खालचा संपूर्ण पट्टा कापल्यावर, म्हणजे चौथ्या टप्प्यात, ती 2.30 पर्यंत उतरली. इतकी गंभीर हानी होऊनही घट सुमारे 7 टक्केच होती.

त्याच संशोधकांनी न्यू मेक्सिकोतीलच अलामोसा कॅन्यन येथील एका सुस्थितीतील पुलाची चोवीस तास सलग मोजणी केली. उन्हाने पुलाचा पृष्ठभाग तापत आणि निवत असताना त्याची पहिली वारंवारता एकाच दिवसात सुमारे 5 टक्क्यांनी बदलली. तुळईचा खालचा पट्टा संपूर्ण कापल्याने 7 टक्के आणि एका दिवसाच्या उन्हाने 5 टक्के, ही तुलना विषयाची दिशा बदलणारी ठरली. हानीचा परिणाम निसर्गाच्या परिणामात लपून जातो, हे त्यातून स्पष्ट झाले.

युरोपातील अनुभवही याला पुष्टी देणारा होता. स्वित्झर्लंडमधील ‘झेड 24’ हा काँक्रीटचा पूल 1998 अखेर पाडण्यात आला. त्यापूर्वी सुमारे एक वर्ष त्यावर संवेदक ठेवण्यात आले आणि अखेरच्या काही आठवड्यांत त्याला क्रमाक्रमाने हानी पोहोचविण्यात आली. बेल्जियममधील ल्यूवेन विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या या प्रकल्पात असे आढळले की, तापमान शून्य अंशाच्या खाली गेले की पुलाच्या वारंवारता लक्षणीय वाढतात. पुलावरील डांबरी थर थंडीने कडक होत होता, हे त्यामागील प्रमुख कारण होते. निरोगी पुलाचे वर्षभराचे वर्तन आधी नोंदवून ठेवल्याखेरीज रोगी वर्तन ओळखता येत नाही, हा धडा या नोंदींनी दिला. ‘झेड 24’ची माहिती जगभरातील विद्यापीठांत नव्या पद्धती तपासण्यासाठी आजही वापरली जाते.

नवे संवेदक : प्रकाशतंतू आणि बिनतारी जाळी

याच काळात संवेदकांच्या तंत्रात वेगाने सुधारणा होत होती. कॅनडातील केनेथ हिल आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये असे दाखविले की, काचेच्या प्रकाशतंतूत कायमस्वरूपी अशी सूक्ष्म जाळी निर्माण करता येते की, जी प्रकाशाची एक विशिष्ट तरंगलांबीच परावर्तित करते. तंतू ताणला गेला की ही तरंगलांबी बदलते. अर्थात तोच विकृतिमापक होतो. तो गंजत नाही, विद्युत व चुंबकीय व्यत्ययांचा त्यावर परिणाम होत नाही आणि एकाच तंतूवर अनेक मापक बसविता येतात. कॅलगरी येथील बेडिंग्टन ट्रेल पुलात 1993 मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी असे तंतू काँक्रीटमध्येच बसविले. पुढे 1995 मध्ये मॅनिटोबा विद्यापीठात मुख्यालय असलेले, अनेक विद्यापीठांना जोडणारे ‘आयसिस कॅनडा’ हे संशोधन-जाळे स्थापन झाले.

मोठ्या संरचनांवर तारा ओढण्याचा खर्च ही दुसरी अडचण होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात स्ट्रेझर आणि किरेमिजियन यांनी 1998 मध्ये बिनतारी संवेदकांची रचना मांडली. त्याच विद्यापीठात 1997 मध्ये या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली होती. त्यामुळे संरचना-आरोग्य निरीक्षण ही स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून ओळखली जाऊ लागली. 2006 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर 64 बिनतारी संवेदकांचे जाळे पसरविले. अशा रीतीने एकविसाव्या शतकाच्या आरंभी मोजण्याची साधने मुबलक झाली होती. मोजलेल्याचा अर्थ लावण्याचे शास्त्र मात्र अजून तितके पुढे गेलेले नव्हते.

मिनियापोलिस : 2001 ते 2007

मिनियापोलिसचा पूल पोलादी कैचीचा होता. अनेक पट्ट्या त्रिकोणी रचनेत जोडून कैची तयार होते आणि जेथे पट्ट्या एकत्र येतात, तेथे दोन्ही बाजूंनी पोलादी जोडपट्ट्या बसवितात. त्यांना ‘गसेट प्लेट’ म्हणतात. या पुलावरून दररोज सुमारे 1 लाख 40 हजार वाहने जात. त्याच्या मुख्य कैचीची रचना अशी होती की, एखादा प्रमुख घटक निकामी झाल्यास भार वाहून नेण्यास दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता. त्या काळातील अशा पुलांमध्ये पोलादाला वारंवार येणाऱ्या भारामुळे तडे जाण्याची, म्हणजेच धातूच्या थकव्याची, भीती प्रामुख्याने वाटत असे. म्हणूनच राज्याच्या परिवहन विभागाने मिनेसोटा विद्यापीठाकडे एक नेमका प्रश्न सोपविला : या कैचीत थकव्यामुळे तडे जाण्याचा धोका किती आहे?

संशोधकांनी निवडक घटकांवर विकृतिमापक बसविले. ठरावीक वजनाचे ट्रक पुलावर उभे करून आणि चालवून, तसेच नेहमीची वाहतूक चालू असताना, विकृतीतील चढउतार नोंदविले. थकव्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो प्रतिबलातील चढउतारच. मोजलेले चढउतार आराखड्यातील गणितापेक्षा बरेच कमी आणि थकव्याच्या मर्यादेच्या आत होते. मार्च 2001 च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, कैचीत थकव्याचे तडे जाण्याची शक्यता नाही आणि त्या कारणासाठी पूल मुदतीपूर्वी बदलण्याची गरज नाही. विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर बरोबर होते. पूल थकव्याने पडला नाही.

दिनांक 1 ऑगस्ट 2007 रोजी संध्याकाळी 6 वाजून 5 मिनिटांनी पूल कोसळला. त्या वेळी पुलावर दुरुस्तीचे काम चालू होते. आठपैकी चार मार्गिका बंद होत्या आणि बांधकामाचे साहित्य व यंत्रे एका भागात एकवटली होती. कोसळलेल्या भागावर 111 वाहने होती. 13 जण मृत्युमुखी पडले आणि 145 जखमी झाले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीचा अहवाल नोव्हेंबर 2008 मध्ये संमत झाला. काही सांध्यांवरील गसेट प्लेट आवश्यक जाडीच्या जवळपास निम्म्याच जाडीच्या होत्या, हे त्यात सिद्ध झाले. ही चूक 1960 च्या दशकातील मूळ आराखड्यातच होती. 1977 मध्ये पुलावर काँक्रीटचा अधिक थर चढविला गेला, 1998 मध्ये नवे कठडे बसविले गेले आणि प्रत्येक वेळी पुलाचे स्वतःचे वजन वाढत गेले. शेवटच्या दिवशीच्या बांधकाम साहित्याने त्यात भर घातली. 1999 आणि 2003 मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत त्या प्लेट किंचित वाकलेल्या दिसत होत्या, हेही चौकशीत निदर्शनास आले.

येथे विकृतिमापकाचा पूर्वोक्त गुणधर्म पुन्हा लक्षात घ्यावा लागतो. पुलावर मापक बसले ते पूल उभा राहून तीस वर्षे उलटल्यानंतर. त्यांचा शून्य त्या दिवशीचा होता. पुलाच्या स्वतःच्या वजनाने सांध्यांवर साठलेले प्रतिबल त्या शून्यात आधीच सामावलेले होते आणि गसेट प्लेटवरील एकूण भारात या मृत भाराचाच वाटा मोठा होता. शिवाय मापक पट्ट्यांवर होते, सांध्यांवर नव्हते. कारण पट्ट्यांपेक्षा जोडपट्ट्या अधिक बळकटच असतात, असे त्या काळातील सर्वसाधारण गृहीतक होते. पुलांची भारक्षमता ठरविण्याच्या प्रचलित पद्धतीतही गसेट प्लेटचा स्वतंत्र विचार होत नसे. त्या सांध्यांचे मूळ गणित आराखडाकारांच्या उपलब्ध कागदपत्रांत चौकशी मंडळाला सापडले नाही. जाडीतील चूक मात्र कागद आणि लेखणी घेऊन साध्या गणिताने लक्षात येण्यासारखी होती. त्यासाठी एकाही संवेदकाची आवश्यकता नव्हती.

यातून एक तात्त्विक मुद्दाही पुढे येतो. योगायोगाने 2007 मध्येच शेफील्ड विद्यापीठातील कीथ वर्डन, लॉस ॲलामोसचे चार्ल्स फरार आणि त्यांचे सहकारी यांनी या शास्त्राची मूलभूत गृहीततत्त्वे सूत्ररूपाने मांडली. संवेदक हानी मोजू शकत नाहीत, त्यांच्या नोंदींवर प्रक्रिया करूनच हानीविषयी अनुमान काढता येते, हे त्यांतील एक तत्त्व होते. हानीचे निदान करण्यासाठी संरचनेच्या दोन अवस्थांची तुलना आवश्यक असते, हे दुसरे. न्यू मेक्सिको आणि स्वित्झर्लंडमधील प्रयोगांचे सार या दोन तत्त्वांत आलेले आहे. तथापि, मिनियापोलिसच्या पुलाच्या बाबतीत तुलनेसाठी निरोगी अवस्थाच अस्तित्वात नव्हती. त्याचा दोष कालांतराने उद्भवलेला नसून जन्मजात होता. बदल शोधणाऱ्या शास्त्राला जो दोष पहिल्या दिवसापासून बदललेलाच नाही, तो दिसणार कसा? कोयनेत नोंद आणि गणित एकमेकांसमोर आणले गेले होते. मिनियापोलिसमध्ये नोंद गणिताशी ताडली गेली ती केवळ पट्ट्यांपुरती. सांध्यांचे गणित त्या पडताळणीच्या कक्षेत आलेच नाही.

2007 नंतरची वाटचाल

त्याच जागी उभारलेला काँक्रीटचा नवा पूल 18 सप्टेंबर 2008 रोजी खुला झाला. त्यात बांधकामाच्या वेळीच 323 संवेदक बसविण्यात आले आणि त्यांच्या नोंदींचा अभ्यास मिनेसोटा विद्यापीठाकडे आला. संवेदक संरचनेच्या जन्मापासून तिच्यासोबत असल्यामुळे तिचा शून्य आता ज्ञात होता. या अभ्यासातील मोठा भाग तापमानामुळे होणारे परिणाम आणि काँक्रीटचे दीर्घकालीन आकुंचन यांना परस्परांपासून वेगळे करण्यावर खर्च झाला, ही बाब पूर्वानुभवाशी सुसंगतच आहे. दरम्यान अमेरिकेतील महामार्ग प्रशासनाने गसेट प्लेटची क्षमता तपासण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. या दोन प्रतिसादांपैकी कोणता अधिक महत्त्वाचा, असा प्रश्न विचारल्यास दुसऱ्याकडे बोट दाखवावे लागेल. नव्या पुलावरील संवेदक एका पुलाचे रक्षण करतात. दुरुस्त केलेली गणिताची पद्धत त्या प्रकारच्या सर्व पुलांना लागू होते.

भारताच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व वेगळे आहे. दिनांक 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला आणि एस.टी. महामंडळाच्या दोन बसगाड्या प्रवाशांसह नदीत बेपत्ता झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र शासनाने देशातील राष्ट्रीय महामार्गांवरील पूल आणि मोऱ्या यांची संगणकीय नोंद ठेवणारी व्यवस्था सुरू केली व दीड लाखांहून अधिक बांधकामांची सूची तयार झाली. प्रथमदर्शनी ही केवळ कारकुनी बाब वाटेल. परंतु कोणता पूल कोठे आहे, तो कधी बांधला, त्याचा आराखडा उपलब्ध आहे काय आणि नंतर त्यात कोणते बदल झाले, ही माहिती हाच निदानाचा पाया होय. जुन्या पुलांच्या बाबतीत मूळ नकाशे व गणिते मिळतील किंवा त्या पुलांची निरोगी अवस्था नोंदलेली असेल, असे गृहीत धरता येत नाही. अशा पुलांवर आज संवेदक बसविले, तर त्यांचा शून्य आजचाच असणार आणि चाळीस किंवा नव्वद वर्षांचा इतिहास त्या शून्यात अदृश्य होणार. म्हणून संवेदकांच्या खरेदीबरोबरच अभिलेखांचे जतन, उपलब्ध नकाशांची फेरतपासणी आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर वाढलेल्या वजनाची नोंद यांनाही संशोधनाचा दर्जा मिळणे आवश्यक आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्थापत्य विभागांना हे कार्य विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांद्वारेही करता येण्यासारखे आहे; त्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही.

समारोप

सिमन्स आणि रूज यांच्या तारेपासून सुरू झालेल्या या प्रवासात मापनाची सूक्ष्मता, वेग आणि व्याप्ती यांत विलक्षण वाढ झाली. या वाढीला विद्यापीठांनी दिलेले योगदान निर्विवाद आहे. परंतु त्याच विद्यापीठांनी दिलेले दुसरे योगदान अधिक मोलाचे मानावे लागते आणि ते म्हणजे मापनाच्या मर्यादांची जाणीव. मुद्दाम छेद दिलेल्या तुळईने, थंडीत कडक झालेल्या डांबराने आणि कोयनेच्या भेगांनी संशोधकांना हेच शिकविले की, आकडा ही साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्षीदाराला जे विचारले जाईल, त्याचेच उत्तर तो देतो. मिनियापोलिसच्या संवेदकांना थकव्याविषयी विचारले गेले आणि त्यांनी खरे तेच सांगितले. सांध्यांविषयी त्यांना कोणी विचारले नाही. कोणता प्रश्न विचारला गेलेला नाही, हे शोधण्याची जबाबदारी संवेदकांची नसून अभ्यासकांची आहे आणि 13 मृतांच्या संदर्भात ही जबाबदारी केवळ शास्त्रीय उरत नाही, ती नैतिकही ठरते.